चिंचेखालचं एक मत

करवंड्याच्या बुधाजीला गाण्यातलं कळतं हे खालापूर तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बुधाजीला. त्याला भातातलं कळायचं. लोंबी हातात घेतली की दाणा भरलाय का पोचट राहिलाय हे तो डोळे मिटून सांगायचा. पाताळगंगेच्या काठाला दोन एकर खाचरं, एक बैलजोडी आणि घरात नवी नवरी सोनुबाई. एवढ्यावर माणसाने सुखाने जगावं नि सुखाने मरावं. पण नशिबात मोठेपणा लिहिला असला की तो कुठूनही येऊन चिकटतो. बुधाजीला तो डोंगळ्याच्या रूपाने चिकटला.

ते सत्तावन्न साल. हनुमान जयंतीला भरदुपारी देवळापुढच्या पटांगणात भजनाचा सामना लागला होता. एकीकडे पंचक्रोशीतलं मंडळ, दुसरीकडे खास गिरगावातून आणलेले एक बुवा. बुधाजी तेव्हा पंचविशीचा. तो पुढे बसला होता, कारण मागे ऊन होतं. दुसरं काही कारण नव्हतं. बुवांनी डोळे मिटून वरचा सूर लावला आणि नेमका त्याच घटकेला एका काळ्या डोंगळ्याने बुधाजीच्या मांडीला कडकडून चावा घेतला. देवाचं ठिकाण, ओरडायची सोय नाही. बुधाजीने तोंड वाकडं केलं, डोळे गच्च मिटले आणि "च्च्, च्च्" करत मान हलवली.

बुवा थांबले. पेटीवाला थांबला. बुवांनी उपरण्याने घाम पुसला आणि एवढ्या मोठ्या माणसाने बुधाजीपुढे हात जोडले. म्हणाले, "जाणकार आहात. सूर घसरला खरा. मला वाटलं, इथे कुणाच्या लक्षात यायचा नाही."

बुधाजी काय बोलणार? त्याचा एक हात मांडीखाली डोंगळा शोधत होता. तो नुसता "हं" म्हणाला. त्या 'हं'वर त्याची पुढची वीस वर्षं निघाली.

आता करवंड्याची एक जुनी रीत सांगायला हवी. देवळापुढे डाव्या हाताला चिंच आणि उजव्या हाताला आंबा. सामना असो, पंचायतीचा ठराव असो, नाहीतर यंदा जत्रेला तमाशा आणायचा की भारूड एवढाच वाद असो, दोन पक्ष पडले की एकाने चिंच घ्यायची, दुसऱ्याने आंबा. मग पटांगणातल्या बाप्यांनी ज्याला जे पटेल त्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं आणि पाटलांनी डोकी मोजायची. चिठ्ठ्या नाहीत, पेटी नाही, बोटाला शाई नाही. बायका विहिरीच्या कठड्यापाशी उभ्या राहून बघत. त्यांची डोकी मोजायची पद्धत नव्हती. "आमचं मत दिल्लीला चालतंय, चिंचेखाली चालत नाय," असं अंबाबाई म्हणायची. ही अंबाबाई सोनुबाईची शेजारीण, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. पण विहिरीवर बोललेलं पटांगणात ऐकू जात नाही.

त्या सामन्यानंतर लोकांनी बुधाजीकडे बघून झाड धरायला सुरुवात केली. बरोबरच आहे. गिरगावच्या बुवांनी ज्याला हात जोडले तो जिकडे उभा राहील तिकडे चुकणार कसं? आणि बुधाजीची काय गत? त्याला दोन्ही मंडळं सारखीच वाटायची. एक जोरात ओरडतंय, दुसरं त्याहून जोरात ओरडतंय, झांजांनी कान किटतायत, एवढंच त्याचं मत. पण ते बोलून दाखवायची आता चोरी झाली होती. मग त्याने आपली एक युक्ती काढली. गाणं संपलं की लगेच उठायचं नाही. विडी काढायची, ती कानाशी धरून चोळायची, शिलगवायची, आणि धुराआडून लोकांच्या पायांकडे बघायचं. माणसाचं तोंड कुणीकडेही असो, मन जिकडे असतं तिकडे अंगठा वळलेला असतो. जास्त अंगठे चिंचेकडे दिसले की बुधाजी सावकाश उठून चिंचेकडे निघायचा. मग उरलेसुरले त्याच्यामागे. गाव बुधाजीच्या कानावर चालायचं आणि बुधाजी गावाच्या पायांवर. आणि निकाल कधीही चुकला नाही! चुकेल कसा? कुणी वेगळं मत देणाराच उरत नव्हता.

बोलणं तर त्याने त्याहून कमी ठेवलं. एखादा बुवा फारच मागे लागला तर म्हणायचा, "आवाज बरा हाय. पन..." आणि गप्प बसायचा. कर्जतचे एक भजनीबुवा त्या 'पन'च्या पुढचं ऐकायला तीन वेळा चालत आले. तिसऱ्या खेपेला बुधाजी म्हणाला, "ते तुमचं तुमालाच उमगंल." बुवा घरी गेले, वर्षभर विचार केला, पेटी बदलली, तंबाखू सोडली आणि पुढच्या जत्रेत नारळ घेऊन पाया पडायला आले. म्हणाले, "तुम्ही म्हणालात तेच खरं होतं." काय म्हणालो होतो ते बुधाजीने विचारलं नाही. विचारून उगाच कशाला घोळ घाला!

इलेक्शनातसुद्धा त्याचा भाव वाढला. जिल्हा परिषदेचा एक उमेदवार शाहीर घेऊन गावात आला. बुधाजीला पुढच्या सतरंजीवर बसवलं. दोन तास मांडी घालून बुधाजीचा पाय बधिर झाला, म्हणून तो पाय झटकायला लागला. मागे कुजबुज झाली, "पाय हालतोय बरं का. ठेका धरलाय." झालं! करवंड्याची सगळी मतं शाहीर आणणाऱ्याला. निवडून आल्यावर त्याने गावाला रस्ता द्यायचं कबूल केलं होतं. तो रस्ता अजून यायचाय.

हे सगळं ठीक होतं. ह्यात कुणाचं वाईट झालं नाही. पण बुधाजीला एक गाणं खरोखरचं आवडायचं, आणि सगळी गोची तिथे होती.

सोनुबाई धवळारीण होती. आपल्या ह्या घाटाखालच्या खलाटीत लग्न लागतं ते धवळ्यांवर, बायकांच्या लग्नगाण्यांवर. मांडवाचा खांब पुरण्यापासून नवरानवरी एकमेकांच्या पुढ्यात उभी राहीपर्यंत प्रत्येक पायरीला धवळारणीने गायचं, देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं. भटजी उशिरा आला तर चालायचं, धवळारीण उशिरा येऊन चालायचं नाही. सोनुबाईने ही विद्या सासूकडून घेतली आणि म्हातारीच्या पुढे नेली. ज्या घरचं लग्न त्या घरच्या खाचरांची नावं, बैलांची नावं, गेलेल्या माणसांची नावं ती चालता चालता गाण्यात गुंफायची. आवाज काही मोठा नव्हता, पण सोनुबाईने कुणाच्या गेलेल्या आईला हळदीला बोलावलं की मांडवातली बाई दाराकडे वळून बघायची.

आणि बुधाजी? बायको गायला लागली की त्याच्या अंगावर काटा यायचा. डोळे भरून यायचे. लोकांनी बघितलं तर? वीस गावांचा जाणकार, गिरगावच्या बुवापुढे ज्याची मान डुलली नाही, तो बायकांच्या गाण्याला रडतो! म्हणून तो हळूच मांडवातून सटकायचा आणि मागे सोडलेल्या बैलगाडीच्या जुवाशी जाऊन बसायचा. तिथे अंधारलेलं असायचं, आणि ऐकू मात्र शब्दन् शब्द यायचा. लोक म्हणायचे, बुधाजीला बायकांचं रेकणं सहन होत नाही. सोनुबाईच्याही कानावर ते गेलं.

एकदा, लेक जनी तेव्हा पाळण्यात होती, सोनुबाईने भात कांडताना मुसळ थांबवून विचारलं, "अवो, सगळ्या जगाच्या गान्याला तुमी काय ना काय बोलताव. आमचे धवळे कसे वाटतात त्ये कदी बोलला नाय."

बुधाजीच्या ओठावर आलं होतं. पण ओट्यावर मोरू बसला होता. मोरू म्हणजे शेजारी, आणि त्याच्या कानावर घातलेली गोष्ट चौक गावच्या बाजारात दुसऱ्या दिवशी विकायला असायची. बुधाजी म्हणाला, "धवळ्यात कसला सूर बगायचा? त्यो लग्नाचा इधी हाय."

"बरं," म्हणाली सोनुबाई, आणि मुसळ उचललं. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. माणसं अशीच असतात हो. गिऱ्हाईकाला भाताचा भाव धडाधड सांगतील, पण बायकोला दोन गोड शब्द बोलायचे तर ओट्यावर कोण बसलंय ते आधी बघतील.

अशी सतरा वर्षं गेली. चौऱ्याहत्तर साली कोंडाजी पाटलाच्या पोराचं, जयाचं लग्न ठरलं. जया रसायनीला कारखान्यात लागला होता. पँट घालायचा, हातात घड्याळ, आणि गावातल्या कुठल्याही गोष्टीला नाक मुरडायचा. त्याने बापाला बजावलं, "माज्या लग्नात धवळे नकोत. शिळफाट्याचा गजा भोंगा आनि रेकॉर्डी घेऊन येतो, कंपनीतली मानसं येनार हायत. बायका रेकत बसल्या तर माजी काय शोभा र्‍हाईल?"

कोंडाजी पेचात पडला. भोंगा आणि धवळे दोन्ही एका मांडवात बसणार नव्हते. भोंगा सुरू असला की शेजारच्या माणसाची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. आणि पाटलाच्या घरात जे झालं तेच पुढे गावात चालणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. शेवटी कोंडाजीने पाटलाला शोभेल असा निकाल काढला. म्हणाला, "गावाला आइकवू. चिंच-आंबा करू. गाव बोलंल ते माज्या मांडवात."

रविवारी सकाळी सगळे जमले. गजाने आंब्याच्या फांदीला भोंगा बांधला आणि बॅटरीवर रेकॉर्ड लावली. काय तो आवाज! देवळातल्या पाकोळ्या उडून नदीपार गेल्या. बाप्ये खुशीत होते, नवं आहे म्हटल्यावर माणूस खूश होतोच. तीन रेकॉर्डी झाल्या. मग कोंडाजीने सोनुबाईला हाक मारली.

सोनुबाई अंबाबाईला घेऊन चिंचेखाली बसली. ना मांडव, ना हळद, ना पुढ्यात नवरी. शंभरावर बाप्ये हाताच्या घड्या घालून समोर उभे. असं तिने कधीच गायलं नव्हतं. धवळा कुणी ऐकण्यासाठी नसतो, तो कुणाचं तरी लग्न लागण्यासाठी असतो. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि एकदाच मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. मग खाली मातीकडे बघत सुरुवात केली.

*वरल्या खाचराच्या वाऱ्या, ये रं हळदीला,*
*वेशीवरल्या देवा, तू बी ये रं हळदीला,*
*पुरात गेल्या दाजीबा, वाट सोदीत ये,*
*पुतन्याच्या हळदीला, वला ये, सुका ये.*

दाजीबा हा कोंडाजीचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी पाताळगंगेला पूर आला तेव्हा म्हैस सोडवायला गेला तो परत आला नाही. कोंडाजीने पागोट्याचं टोक डोळ्याला लावलं. जयासुद्धा घड्याळाशी चाळा करत खाली बघायला लागला. बुधाजीच्या तर छातीत असं काही भरून आलं की त्याला पळून बैलगाडी शोधावीशी वाटली. पण पटांगणात बैलगाडी नव्हती.

गाणं संपलं. बुधाजीने सवयीने विडी काढली, कानाशी धरून चोळली, शिलगवली, आणि धुराआडून पायांकडे बघितलं.

एकही अंगठा हलत नव्हता.

शंभर-सव्वाशे बाप्ये जागच्या जागी उभे, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. आज गाणारी त्याची बायको. तो काय करतो ते बघितल्याशिवाय कोण पाऊल उचलणार? विडी संपत आली. चटका बसला. बुधाजीच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या पायांनी आधी चालायचं होतं.

त्याच्या मनात काय आलं ते नीट सांगायला हवं, कारण त्याने जे केलं ते दुष्टपणाने केलं नाही. त्याला वाटलं, मी चिंचेखाली गेलो तर म्हणतील, बायकोचा भाट. इतक्या वर्षांचा कमावलेला निःपक्षपातीपणा गेला मातीत. आणि मी एकटा आंब्याखाली गेलो तर बिघडलं काय? ह्या सगळ्यांची लग्नं धवळ्यांवर लागली आहेत, ह्यांच्या आयाबहिणींची लागली आहेत, आता कोंडाजी रडलासुद्धा. हे सगळे चिंचेखाली जाणारच. धवळेही राहतील नि माझा मानही राहील. बघा, हिशोब किती साधा होता! आपल्याकडे लोक बघतात हे वीस गावांनी त्याला सांगितलं होतं; नेमकं त्याच दिवशी ते त्याला आठवलं नाही.

बुधाजी उठला, धोतर झटकलं आणि ताठ मानेने आंब्याखाली जाऊन उभा राहिला.

क्षणभर कुणी हललं नाही. मग मोरू हलला. त्याच्यामागे मोरूचा भाऊ. मग दहा, मग वीस, मग पटांगणभर पायांचा नुसता खसखसाट. बुधाजी आंब्याखालून बघत होता. अरे, इकडं काय येताय? तिकडं जा की! त्याने डोळ्यांनी खुणासुद्धा केल्या. लोकांना वाटलं, बोलावतोय. ते पळत आले. आंब्याखाली उभं राहायला जागा पुरेना.

कोंडाजीने डोकी मोजली. आंब्याखाली एकशे अठरा. चिंचेखाली एक. तो एक म्हणजे भिवाजी आबा, गावातला सगळ्यात म्हातारा, सकाळपासून बुंध्याला टेकून बसलेला. कोंडाजीने जवळ जाऊन विचारलं, "आबा, तुमचं मत धवळ्यांना?"

"मी सावलीला बसलोय," आबा म्हणाला. "ऊन फिरलं का उठंन."

पण मत मोजलं गेलं. रीत ती रीत.

कोंडाजीने चार शब्द बोलून बुधाजीला नारळ दिला, खांद्यावर पंचा घातला. "न्याव असावा तर असा," म्हणाला. "घरची बाई म्हनून मान वाकडी केली नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीच्या कठड्याकडून एकही टाळी आली नाही. चिंचेखालून अंबाबाई मोठ्याने म्हणाली, "आमाला इचारा की कोनी, आमाला!" तेवढ्यात गजाने रेकॉर्ड लावली.

घरी जाताना मोरू बुधाजीच्या बरोबर होता. म्हणाला, "खरं सांगू? मना धवळेच आवडले व्हते. दाजीबाचं नाव आलं तवा मी बी डोले पुसले. मी तर चिंचेकडं पाय उचललाच व्हता."

"मग गेला का नाय रं, मेल्या?"

"तुमी तिकडं गेलाव ना! म्हटलं, आपल्याला काय कळतंय?"

वाटेत आणखी सात-आठ जणांनी हेच सांगितलं. प्रत्येकाने वर आणखी बुधाजीच्या कानाची तारीफ केली. बुधाजीला वाटलं, हा नारळ आपल्याच कपाळावर फोडावा.

सोनुबाईने भाकरी वाढली, कालवण वाढलं. बुधाजी भाकरीचा एकच तुकडा मोडत बसला. तो म्हणाला, "अगं, मना वाटलं का बाकीचे..."

"बरं झालं," सोनुबाई म्हणाली. "घसा दुकतच व्हता. येवढे दिस तुमी मांडवातून उठून का जाता ते लोकांकडून आइकत व्हते. आज डोल्यांनी बगितलं." तिने नारळ उचलून शिंक्यात ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बुधाजीला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून सोनुबाई गायची बंद झाली. मांडवात तर नाहीच, कांडताना नाही, जात्यावर नाही, लावणीलाही नाही. खाचरात बायका गायला लागल्या की ती मुकाट्याने रोपं टोचत राही. गावात लग्नामागून लग्नं भोंग्यावर लागली. बुधाजी दरवेळी सवयीने मांडवामागे जुवाशी जाऊन बसायचा आणि तिथे भोंगा त्याच्या कानात ओरडायचा. त्याने सोनुबाईला किती वेळा सांगायचं मनात आणलं. पण आता सांगायचं तर आधी हे सांगायला हवं होतं की मला गाण्यातलं काही कळत नाही, मला डोंगळा चावला होता. पंधरा-वीस वर्षांचा मोठेपणा एका डोंगळ्यावर उभा होता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात जनीचं लग्न निघालं. बुधाजीने धीर केला. ओट्यावर कुणी नाही हे बघून, हो, तेवढं बघूनच, तो म्हणाला, "आपल्या जनीचं लगीन. धवळे तू म्हन."

"गावानं ठरवलंय ना? मंग गजाला सांगा," सोनुबाई म्हणाली. "तुमी जिकडं उभं र्‍हायलाव तिकडंच मी बी उभी हाय."

गजा आला. मांडवाच्या खांबाला भोंगा बांधला. हळदीच्या दिवशी उन्हं उतरताना जनीला पाटावर बसवली, बायकांनी कोंडाळं केलं, आणि भोंग्याने सगळ्या गावाला कळवलं की बुधाजीच्या घरी लग्न आहे. बुधाजी मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांना रामराम घालत होता. सहज त्याची नजर आत गेली. सोनुबाई लेकीच्या गालाला हळद लावत होती. तिचं तोंड जनीच्या कानाशी होतं, अगदी चिकटून, आणि ओठ हलत होते.

बुधाजी बघतच राहिला. काहीतरी सांगत असेल, त्याला वाटलं. पण ओठ थांबेनात. जनीचे डोळे मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हळद लावणारा हात एका लयीत फिरत होता. तेव्हा त्याला कळलं. भोंग्याच्या कल्लोळाखाली बसून सोनुबाई लेकीचं लग्न लावत होती. एकटीच्या कानात. आजी-आजोबांना बोलावत असेल, खाचरांना बोलावत असेल. वरच्या खाचराचं नाव घेतलं असेल का? तांबड्या बैलाचं? आणि आपलं?

तो पुढे सरकला. दोन पावलं, चार पावलं. काही ऐकू येईना. त्याला राहवेना. तो एकदम ओरडला, "गजा! बंद कर तो भोंगा!"

गजाने घाबरून पिन उचलली. मांडव चिडीचूप झाला, आणि त्या शांततेत सोनुबाईचे ओठही थांबले. शब्द काही बुधाजीच्या कानी आला नाही.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. जाणकाराला रेकॉर्डीत काहीतरी खोट सापडली, असंच लोकांना वाटलं. मोरूने तर मान हलवून ठेवली. बुधाजीच्या कपाळाला घाम आला. ह्या खेपेला मात्र त्याने कुणाच्या पायांकडे बघितलं नाही.

"मना सोनुबाईचे धवळे आवडतात," तो म्हणाला. आवाज चिरकला. "पयल्यापासून. मना दुसऱ्या कुठल्या गान्यातलं काय बी कळत नाय. हे येकच गानं मना कळतंय. मी त्या दिशी खोट्या झाडाखाली उभा र्‍हायलो."

मग मोरू म्हणाला, "खरं हाय. मना बी पयल्यापासून धवळेच आवडतात." त्याचा भाऊ म्हणाला, "रेकॉर्डीत काय हाय? नुसता खडखडाट." कोंडाजी पाटील उठून म्हणाला, "बुधाजी बोलतो म्हंजे इचार करूनच बोलत आसंल. आपन धवळे परत सुरू करू." मांडवभर माना डुलल्या. बघता बघता सगळा गाव धवळ्यांच्या बाजूचा झाला. गजासुद्धा म्हणाला, आपल्या आईला धवळे येतात.

बुधाजीच्या तोंडावर हसू आलं. त्याने सोनुबाईकडे बघितलं.

सोनुबाईने हळदीचे हात पदराला पुसले. तिने आधी मांडवातल्या डुलणाऱ्या सगळ्या मानांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "आज तुमी उठलाव, म्हनून हे बी उठले," ती म्हणाली. "उद्या तुमी बसाल, का हे बी बसतील. मी परत झाडाखाली नाय बसायची." मग हळू आवाजात म्हणाली, "तुमाला आवडत व्हतं, तर ते मना सांगायचं व्हतं. मांडवाला कशाला सांगताव?"

बुधाजीने सवयीने विडी काढली, आणि न शिलगवताच परत ठेवली.

"गजा, लाव रं भोंगा," सोनुबाई म्हणाली. "जिला आइकवायचं तिला आइकू येतंय."

गजाने बुधाजीकडे बघितलं. बुधाजीने 'लाव' म्हणून मान हलवली. भोंगा सुरू झाला. सोनुबाईने पुन्हा हळद घेतली आणि लेकीच्या कानाशी तोंड नेलं.

बुधाजी मांडवातून बाहेर पडला. मागे बैलगाडी सोडलेली होती. तो जुवाशी जाऊन बसला, उजवा कान मांडवाच्या कुडाला लावला, आणि हळद आटपेपर्यंत तसाच बसून राहिला. भोंग्याशिवाय त्याला काही ऐकू आलं नाही.